हाताने रंगवलेल्या कापडाची गोधडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या भागातील महिला मंडळाने गोधडीची स्पर्धा जाहीर केली आहे. गोधडी चार फूट लांब व चार फूट रुंद असावी, तिचे कापड स्पर्धकाने स्वतःच्या हाताने रंगवलेले असावे, त्यात निदान तीन रंग असावेत आणि रंगाच्या कृतीची लेखी नोंद सोबत जोडावी, अशा अटी आहेत. गोधड्या मी लहानपणापासून शिवते. कापड मात्र कधी रंगवलेले नाही. दसऱ्याच्या सुट्टीत हळदीत एक आणि बीटाच्या रसात एक असे दोन तुकडे रंगवून पाहिले. हळदीचा तुकडा साबण लागताच तांबडा झाला आणि बीटाचा दोन धुण्यांत मातकट होऊन गेला. जानेवारीत गोधडी द्यायची आहे. मी भाग घ्यावा की नाही?
(एक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: अवश्य घ्यावा. आपले दोन्ही तुकडे बिघडले यात आपल्या हाताचा दोष नाही. रंगांची निवड चुकली. हळदीत चुना पडला की कुंकू होते, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. साबण आणि धुण्याचा सोडा चुन्याच्याच जातीचे, म्हणजे क्षारयुक्त असल्यामुळे आपल्या तुकड्यावर तेच घडले. तो तुकडा लिंबाच्या पाण्यात बुडवून पाहावा. पिवळा रंग बराचसा परत येईल. तरीही स्पर्धेसाठी हळद वापरू नये, कारण ती उन्हात फार लवकर उडते आणि मंडळाने गोधड्या चार दिवस खिडकीजवळ टांगल्या तर परीक्षकांच्या डोळ्यांदेखत ती फिकट होईल. बीटाचा रस जिभेला आणि बोटांना लागतो, सुती धाग्याला धरत नाही. त्याचा नाद पूर्णपणे सोडावा.

सुती कापड वनस्पतींचे बहुतेक रंग आपणहून धरत नाही. रेशीम आणि लोकर तुरटी सहज घेतात, सुताला मात्र आधी तुरट द्रव्याचा हात द्यावा लागतो आणि त्यावर तुरटी बसवावी लागते. आपल्याकडे हे काम हिरडा करतो. याचा पुरावा पाहण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. धार जिल्ह्यातील बाग येथील छपाईत कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, मग तुरटीच्या खळीने लालाची आणि लोखंडाच्या खळीने काळ्याची जागा छापतात, आणि नंतर वाहत्या पाण्यात विछळून भट्टीवर रंगाच्या पाण्यात उकळतात. लाल आणि काळा असे दोन्ही रंग एकाच कापडावर उमटतात ते ठशाखाली कोणते रंगबंधक (रंगाला धाग्यावर धरून ठेवणारे द्रव्य, इथे तुरटी किंवा लोखंड) बसले त्यावरून. ही गोष्ट एकदा लक्षात आली की रंगकामातील निम्मे कोडे सुटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून निव्वळ सुती, पांढरे, शक्यतो ब्लीच न केलेले पॉपलीन घ्यावे. आपल्या मापाच्या वरच्या थरासाठी, शिवणीत जाणारे कापड धरून, अडीच मीटर पुरते. दुकानदार सुती म्हणून देतो त्यात पॉलिस्टरचा धागा मिसळलेला असू शकतो, म्हणून काठाचे दोन धागे काढून जाळून पाहावेत. सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गुळगुळीत गोळी होते. नव्या कापडावर गिरणीची खळ असते. ती निघाली नाही तर रंगाचे ढग उठतात आणि ते पुढे कशानेही जात नाहीत. म्हणून थोडा धुण्याचा सोडा आणि साबण घातलेल्या पाण्यात कापड तासभर उकळावे. पाणी चहासारखे पिवळे झालेले पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल, कारण कापड तर पांढरेशुभ्र दिसत होते. या उकळण्यात ते आटूनही घेते. अस्तर आणि मधला थरही याच वेळी भिजवून आटवून ठेवावा, नाहीतर गोधडी पहिल्याच धुण्यात सुरकुतते.

यापुढचे प्रत्येक माप कोरड्या कापडाच्या वजनावर ठरते, पाण्याच्या तांब्यांवर नव्हे. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. १०० ग्रॅम कापडाला १५ ते २० ग्रॅम हिरड्याची पूड घ्यावी, ती गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात ठेवावे, पिळून सावलीत वाळवावे आणि मग १५ ग्रॅम तुरटी विरघळलेल्या कोमट पाण्यात आणखी एक रात्र बुडवावे. हिरड्याने कापडाला हलकी पिवळसर झाक येते. ती डाग समजून धुऊन काढण्याची चूक नवशिके हमखास करतात.

पिवळ्यासाठी डाळिंबाची वाळलेली साल कापडाच्या वजनाइतकी घेऊन उकळावी आणि तो काढा वापरावा. दसरा नुकताच होऊन गेला आहे. दाराच्या तोरणातला झेंडू फेकला नसेल तर पाकळ्या वाळवून ठेवाव्यात, त्यांचाही पिवळा हळदीपेक्षा कितीतरी टिकतो. लालासाठी मंजिष्ठेची मुळे कापडाच्या निम्म्या ते पूर्ण वजनाइतकी घ्यावीत, रात्रभर भिजवावीत आणि मंद आचेवर ठेवावीत. मंजिष्ठेचे भांडे खदखदू देऊ नये, लालीत तपकिरी उतरते. हिरडा, साल आणि मंजिष्ठ ही तिन्ही सियागंजाच्या बाजूला वजनावर मिळतात. पाण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते, पण पुष्कळ सोसायट्यांत बोअरिंगचे जड पाणी त्यात मिसळलेले असते. जड पाण्यातील चुन्याने मंजिष्ठेचा लाल बिघडत नाही, उलट खुलतो. पाण्यात लोह असेल तर मात्र सगळे रंग मंदावतात. त्यामुळे सर्व रंगकाम एकाच नळाच्या पाण्यावर करावे आणि नोंदीत तसे लिहावे.

तिसरा रंग निळा असावा, असा माझा आग्रह आहे. नीळ म्हणजे इथे झाडापासून मिळणारा रंग, पांढऱ्या कपड्यांना देतात ती धुण्याची नीळ नव्हे. ती पाण्यात विरघळत नाही आणि तिला तुरटीही लागत नाही. चुना आणि फळातील साखर यांच्या साहाय्याने तिच्यातील प्राणवायू काढून घेतला की ती विरघळते. प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. गरम पाण्यात हे नीट ढवळून झाकून ठेवले की काही तासांत वर तांबूस चकाकणारी साय येते आणि खालचे पाणी निळे न राहता पिवळसर हिरवे दिसते. ओले कापड त्यात अलगद सोडून दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढावे. ते हिरवे निघते. हातात धरून उभे राहावे: आधी कडांना, मग घड्यांच्या उंचवट्यांवर निळसर छटा चढते, हिरवा मागे मागे सरत जातो आणि पाच-दहा मिनिटांत सगळे कापड निळे होते. रंग गडद हवा असेल तर नीळ वाढवू नये, बुडव्या वाढवाव्यात. दाट पाण्यातील एका बुडवीचा निळा कापडाच्या वरवर बसतो आणि शिवताना बोटांना लागतो. डाळिंबाच्या पिवळ्यावर एक फिकट बुडवी दिली की हिरवा मिळतो, म्हणजे तिनाचे चार रंग झाले.

काळ्याचा मोह मात्र आवरावा. कित्येक वर्षांपूर्वी मी गंजलेले खिळे आणि गूळ यांचे पाणी आंबवून, काही न मोजता, हिरडा दिलेल्या कापडावर झकास काळा आणला होता. ती गोधडी आजही घरात आहे, पण तिची काळी ठिगळे पापडासारखी मोडतात आणि त्यांना लागून असलेली लाल ठिगळे जशीच्या तशी आहेत. अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या रजयांतही लोखंडावर रंगवलेले तपकिरी आणि काळे तुकडे असेच आधी विरलेले आढळतात. राखी किंवा शेवाळी छटा हवीच असेल तर हिराकस (लोखंडाचा क्षार) १०० ग्रॅम कापडाला १ ग्रॅम, फार तर २ ग्रॅम घ्यावे आणि नंतर भरपूर पाण्यात विछळावे.

कापड रंगवून हाती आल्याशिवाय गोधडीचा आराखडा पक्का करू नये, एवढे माझे ऐकावे. आपण शिवणकामात मुरलेल्या आहात, त्यामुळे आधी कागदावर नक्षी आखून तिच्या मापाने रंग मागण्याची सवय असेल. पण हाताने रंगवलेले कापड मागितले तसे येत नाही. एकाच भांड्यातून निघालेल्या दोन तुकड्यांत फरक असतो, आणि तो फरक गोधडीत फार सुंदर दिसतो. गडद तुकडे कडेला, फिके मध्याकडे अशी मांडणी जमिनीवर करून दोन दिवस येता-जाता पाहावी आणि मगच कात्री लावावी.

शिवणीचे आपल्याला काय सांगावे? फक्त दोऱ्याकडे लक्ष द्यावे. पॉलिस्टरचा दोरा यांपैकी कोणताच वनस्पतिजन्य रंग नीट घेत नाही आणि पांढराच राहिला तर धावदोऱ्याची प्रत्येक ओळ डोळ्यांत खुपते. सुती दोऱ्याच्या सैलसर लडी करून कापडाबरोबरच त्याच भांड्यात रंगवाव्यात.

वेळेचा हिशेब मात्र उलटा मांडावा. चार फुटी गोधडीला दाट धावदोरा घालायला रोज दोन तास बसूनही महिना जातो, म्हणजे नोव्हेंबरअखेर सगळे कापड रंगून, धुऊन, तपासून तयार हवे. तपासणी तीन प्रकारे करावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने तुकडा घासून पाहावा, पांढऱ्या चिंधीसोबत साबणाच्या पाण्यात धुऊन पाहावा, आणि एक पट्टी पुठ्ठ्यात अर्धी झाकून दक्षिणेकडच्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवावी. त्या पट्ट्याच नोंदवहीत चिकटवून त्यांखाली वजने आणि तारखा लिहिल्या की लेखी नोंदीची अट आपोआप पुरी होते.

प्रश्न: याच स्पर्धेसाठी मी बाजारातील रासायनिक रंग वापरले तर ते 'हाताने रंगवलेले' ठरेल का?
(एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: ठरेल. अटीत 'नैसर्गिक' हा शब्द नाही, आणि हात आपलाच आहे. तरीही संयोजकांना आधी विचारून ठेवावे. सुतासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्यावेत. हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते सुताच्या धाग्याशी रासायनिक रीतीने जोडले जातात, म्हणून उकळावे लागत नाहीत आणि धुण्यातही टिकतात. साध्या पाण्यात रंग, मग मीठ आणि शेवटी धुण्याचा सोडा हा क्रम पाळावा; सोडा पडल्यावर रंग पाण्याशीही जोडला जाऊ लागतो, त्यामुळे उरलेले पाणी उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. न जोडलेला रंग निघून जाईपर्यंत गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावे. पुष्कळ गोधड्यांत लालाचा ओघळ पांढऱ्यावर उतरतो तो या शेवटच्या धुण्याचा कंटाळा केल्यामुळे. कोरडी पूड श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके नव्हे, चांगला मास्क लावावा, आणि या रंगांची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

प्रश्न: रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत) रंगलेले मुलांचे पांढरे सदरे मी जपून ठेवले आहेत. त्यांची गोधडी स्पर्धेला चालेल का?
(एक आई, इंदूर)

उत्तर: घरासाठी जरूर करावी. स्पर्धेसाठी नाही, कारण ते रंग कोणी उडवले हे आपणही सांगू शकणार नाही, आणि गुलाल धाग्यात बसलेला नसून त्यावर नुसता चिकटलेला असल्यामुळे गोधडी धुतली की पाण्यात जाईल. ते सदरे उकळून, हिरडा आणि तुरटी देऊन, नव्याने रंगवता येतील. त्यासाठी टेसूची फुले वापरावीत. पळसाच्या या फुलांचा पिवळा तुरटीवर चांगला बसतो आणि पाण्यात चिमूटभर चुना टाकला की केशरीकडे झुकतो. फुले मार्च महिन्यात येतात, आपल्याला मात्र आता वाळलेलीच घ्यावी लागतील. सदऱ्यांची बटणे आधी काढून ठेवावीत. धातूची असतील तर त्यांच्याभोवती काळे डाग पडतात.