वाचकांचे प्रश्न : वेदीवरून उतरलेलं चित्र कुठं गेलं?

मागच्या अंकात मी युरोपातल्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेचा, म्हणजे मार्टिन ल्यूथर वगैरेंनी पोपच्या कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या केलेल्या चळवळीचा, कलेवर झालेला परिणाम असा विषय काढला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न इथे घेते आहे.

प्रश्न : मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी चर्चमधली चित्रं आणि पुतळे फोडले, असं मी इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षं शिकवलं. त्याच लोकांनी कलेला काही दिलं, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

फोडाफोड झाली, आणि ती भयंकर होती. झुरिकमध्ये १५२४च्या उन्हाळ्यात नगरपरिषदेच्या हुकमानं चर्चमधून चित्रं आणि पुतळे काढले गेले, भिंतींना चुना फासला गेला. बाझलमध्ये १५२९च्या फेब्रुवारीत जमावानं तेच केलं. अँटवर्पमध्ये १५६६च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत पिढ्यांचं काम धुळीला मिळालं. जे गेलं त्यातलं बरंचसं कसं दिसत होतं, हेही आज सांगता येत नाही. या नुकसानीबद्दल मला आजही हळहळ वाटते आणि ते लहान करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

पण 'ल्यूथर आणि अनुयायी' असा एकच गठ्ठा बांधू नका. विटेनबर्गमध्ये १५२२च्या सुरुवातीला चित्रं हटवण्याची मोहीम चालवली ती ल्यूथरचा सहकारी कार्लश्टाट यानं. ल्यूथर तेव्हा वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला होता. मार्चमध्ये तो परतला आणि सलग आठ दिवस प्रवचनं देऊन त्यानं हा प्रकार थांबवला. चित्राची पूजा करू नका, चित्र दान केल्यानं पुण्य लागतं असं मानू नका, पण चित्र असण्यात पाप नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढे त्यानं लिहिलं की ख्रिस्ताचं दुःख ऐकताना क्रुसावरच्या माणसाचं रूप मनात उमटतंच. ते मनात चालतं, तर डोळ्यांपुढे का चालू नये? झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याला हे अजिबात मान्य नव्हतं. एकाच चळवळीतली ही दोन टोकं आहेत. शिकवताना एवढा फरक केलात तरी मुलांना पुढचं सगळं नीट कळेल.

ल्यूथरच्या बाजूला तर चित्रकार शेजारीच राहत होता. लुकास क्रानाख हा सॅक्सनीच्या इलेक्टरचा, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या तिथल्या राजाचा, दरबारी चित्रकार. विटेनबर्गमध्ये त्याची मोठी कार्यशाळा होती, औषधांचं दुकान होतं आणि तो शहराचा महापौरही झाला. १५०९मध्ये याच क्रानाखनं इलेक्टरच्या संग्रहातल्या संतांच्या पवित्र अवशेषांचं सचित्र पुस्तक काढलं होतं. भाविकांनी ते अवशेष पाहावेत आणि पापाची शिक्षा कमी करून घ्यावी, यासाठी. बारा वर्षांनी, १५२१मध्ये, त्याच कार्यशाळेतून लाकडी ठशांची दुसरी पुस्तिका निघाली. तिच्यात समोरासमोरच्या पानांवर चित्रांच्या १३ जोड्या आहेत. एकीकडे ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतो आहे, दुसरीकडे राजेलोक पोपच्या पायाचं चुंबन घेताहेत. वाचता न येणाऱ्यालाही मुद्दा कळावा अशी ही मांडणी आहे. पुढच्याच वर्षी ल्यूथरनं जर्मनमध्ये आणलेला नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्ताविषयीचा भाग, छापला गेला. त्यातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या चित्रांत क्रानाखच्या कार्यशाळेनं बाबेलची वेश्या या पापाच्या प्रतीकाच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट चढवला. त्यावर ओरड झाली, आणि डिसेंबरच्या आवृत्तीत ठसा तासून साधा मुकुट करावा लागला. चित्राची ताकद दोन्ही बाजूंना किती नेमकी ठाऊक होती, ते या तासलेल्या ठशावरून दिसतं.

प्रश्न : मानवतावादी विद्वान ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांत बुडालेले. त्यांचा चित्रकलेशी काय संबंध?

या प्रश्नावर मी कितीही वेळ बोलू शकेन.

मानवतावाद्यांचा आग्रह होता की मूळ ग्रंथाकडे चला. त्यांच्यातला अग्रणी इरॅस्मस यानं १५१६मध्ये बाझलला नव्या कराराची ग्रीक संहिता छापून घेतली. तिच्या १५१९च्या दुसऱ्या आवृत्तीवरून ल्यूथरनं जर्मन भाषांतर केलं. म्हणजे आधी विद्वानाचं टेबल, मग प्रवचनकाराचं व्यासपीठ. या 'मुळाकडे चला'चा चित्रावर काय परिणाम झाला, ते न्यूरेंबर्गचा चित्रकार ड्यूरर याच्या 'चार प्रेषितां'त दिसतं.

न्यूरेंबर्गनं १५२५मध्ये धर्मसुधारणा स्वीकारली. दुसऱ्या वर्षी ड्यूररनं दोन मीटरहून उंच असे दोन चित्रफलक शहराच्या परिषदेला भेट दिले. परिषदेनं मानधन म्हणून त्याला १०० गुल्डन दिले. डाव्या फलकावर योहान आणि पेत्र, उजव्यावर पौल आणि मार्क. आता पाहा, पेत्र म्हणजे कॅथलिक परंपरेनुसार पहिला पोप. त्याच्या हातात त्या अधिकाराची खूण असलेली किल्ली आहे, पण तो मागे उभा आहे, मान खाली घालून योहानाच्या हातातलं पुस्तक वाचतो आहे. उघड्या पानावर योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात, ल्यूथरच्या जर्मनमध्ये. किल्लीपेक्षा ग्रंथ मोठा, हे ड्यूररनं एकाही शब्दाचं भाष्य न करता सांगितलं. आणि तेवढ्यावर न थांबता दोन्ही फलकांच्या तळाशी त्या चौघांच्या लिखाणातले उतारे सुंदर अक्षरात लिहवून घेतले. खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, असा त्यांचा रोख आहे आणि तो शहराच्या कारभाऱ्यांना उद्देशून आहे.

१६२७मध्ये बव्हेरियाच्या माक्सिमिलियननं हे फलक म्युनिकला नेले. तो कट्टर कॅथलिक. त्यानं चित्रं ठेवून घेतली आणि खालचा मजकूर करवतीनं कापून न्यूरेंबर्गला परत पाठवला. जवळपास तीनशे वर्षं चित्र एका शहरात आणि अक्षरं दुसऱ्या शहरात राहिली. १९२२मध्ये ती पुन्हा जोडली गेली. म्युनिकच्या संग्रहालयात मी त्या चित्रापुढे उभी होते तेव्हा बहुतेक लोक पौलाचा पांढरा झगा पाहून पुढे सरकत होते. तो झगा अप्रतिमच आहे. तरीही माझी विनंती आहे की कधी तिथे गेलात तर वाकून खालच्या ओळी आणि तो सांधा पाहा. ड्यूररला चित्र आणि मजकूर एकत्रच द्यायचे होते.

याच १५२६ सालात त्यानं तांब्याच्या पत्र्यावर इरॅस्मसचं व्यक्तिचित्र कोरलं. त्यात ग्रीकमध्ये एक ओळ आहे : याहून चांगलं दर्शन त्याच्या लेखनातून घडेल. इतका मोठा चित्रकार स्वतःच्या चित्रातच असं लिहितो! मला यात मानवतावाद्यांबद्दलचा खरा आदर दिसतो. इरॅस्मसला स्वतःला मात्र ते चित्र फारसं आवडलं नाही.

प्रश्न : चर्चची कामं बंद झाल्यावर चित्रकारांचं पोट कसं चाललं?

अनेकांचं चाललं नाही. चित्रकार होल्बाइननं १५२६मध्ये बाझल सोडलं तेव्हा इरॅस्मसनं त्याला दिलेल्या पत्रात लिहिलं होतं की इथे कला गारठून गेल्या आहेत. तो इंग्लंडला गेला, मधे परतला, पुन्हा गेला आणि आठव्या हेन्रीचा चित्रकार झाला. वेदीमागची चित्रं रंगवणारा हा हात व्यक्तिचित्रांकडे वळला, आणि आज ट्यूडर दरबार म्हटलं की आपल्यासमोर त्यानं काढलेलेच चेहरे येतात. क्रानाख जास्त व्यवहारी होता. ल्यूथरचा लग्नातला साक्षीदार असूनही तो कार्डिनल आल्ब्रेख्टसाठी चित्रं काढत राहिला. याच आल्ब्रेख्टच्या पापक्षमापत्रांवरून, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांवरून, ल्यूथरचा १५१७चा वाद पेटला होता.

पुढच्या शतकात हॉलंडमध्ये चित्रकार मुख्यतः घरांसाठी रंगवू लागले. १६४०मध्ये आम्सटरडॅमला आलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं नोंद केली आहे की खाटीक आणि पाववाल्यांच्या दुकानांतही चित्रं लागलेली असतात, लोहार-चांभारही एखादं बाळगतात. याचं सगळं श्रेय धर्माला देणं मला पटत नाही. व्यापाराचा पैसा होता, आणि यान स्टेनसारखे चित्रकार तर कॅथलिकच होते. पण वेदीचं काम उरलं नव्हतं म्हणून नजर स्वयंपाकघर, आभाळ, पत्र वाचणारी बाई यांच्याकडे वळली, एवढं नक्की.

सानरेदाम या चित्रकाराबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो पांढरी केलेली चर्चच रंगवत असे. आधी आत बसून मोजमापं घेऊन रेखाटनं करायची, आणि कधी कधी कित्येक वर्षांनी त्यावरून चित्र पूर्ण करायचं. मूर्तिभंजकांनी रिकाम्या केलेल्या भिंतींवरचा उजेड हाच त्याचा विषय. हारलेमच्या ज्या सिंट बाव्हो चर्चची चित्रं त्यानं काढली, तिथेच त्याला पुरलं आहे.

प्रश्न : आणि संगीत?

इथेही तेच दोन तट. झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा, तरी त्यानं उपासनेतून संगीत काढून टाकलं; झुरिकच्या चर्चमध्ये गाणं परतलं ते १५९८मध्ये. ल्यूथरनं उलट सगळ्या मंडळीला गायला लावलं, १५२४पासून जर्मन गीतांची पुस्तकं निघू लागली. होल्बाइनच्या १५३३च्या 'राजदूत' या चित्रात खालच्या फळीवर असंच एक पुस्तक उघडं पडलं आहे, शेजारी ल्यूट हे तंतुवाद्य, तार तुटलेलं. चित्रातले दोघंही कॅथलिक फ्रान्सचे राजदूत, त्यातला एक बिशप! कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाच्या जिनिव्हात फक्त बायबलमधली स्तोत्रं, तीही वाद्यांविना. १५६२पर्यंत १५०ही स्तोत्रं चालींत बसवून झाली. आम्सटरडॅममध्ये उपासनेच्या वेळी ऑर्गन गप्प असे, पण ऑर्गन शहराच्या मालकीचा, म्हणून ऑर्गनवादक स्वेलिंक तो उपासनेबाहेरच्या वेळी लोकांसाठी वाजवायचा. जर्मनीतून तरुण त्याच्याकडे शिकायला येत. त्यांतला एक शाइडेमान. त्याचा शिष्य राइनकेन. आणि हँबर्गला राइनकेनचं वादन ऐकायला तरुणपणी जात असे तो पुढचा थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख.