देवगडकडच्या द्विशिक्षकी शाळेत नवीन आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पुढच्या वर्षाची काय तयारी करू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय: पहिली ते चौथी मिळून १९ मुलं, पत्र्याचं छप्पर, जांभ्याच्या भिंती, तुम्ही घाटावरून आलेले, नोकरीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं. सुट्टीत तीसेक तक्ते करून लॅमिनेट करायचे, 'बोलक्या भिंती' रंगवून घ्यायच्या आणि एखादा ऑनलाइन कोर्स उरकायचा असा बेत आहे. कोर्स खुशाल करा, त्यात विचारण्यासारखं काही नाही. तक्ते मात्र करू नका. मे महिन्यात तर नाहीच.

तक्त्यांवर मी एवढा का उखडतो ते सांगतो. एका मे महिन्यात आम्ही ३४ तक्ते केले होते. गणपतीची सुट्टी लागेपर्यंत भिंतीवर ९ उरले. बाकीचे कशाने गेले ते एकेक उतरवून पाहिलं.

सगळ्यात आधी गेले ते लॅमिनेट केलेले. ए-फोरचा पाऊच २१६ × ३०३ मिमी असतो आणि कागद २१० × २९७. म्हणजे चारी बाजूंनी जेमतेम ३ मिमी प्लास्टिक प्लास्टिकला चिकटतं, आणि कागदाचं रक्षण करते ती तेवढीच पट्टी. दुकानदार कडा सुबक दिसाव्यात म्हणून नेमकी तीच कापून देतो. वर आपण पंचिंग मशीनने थेट कागदातून भोक पाडतो. मग त्या भोकातून कागद वातीसारखी ओल ओढतो. आधी पांढरे बुडबुडे, मग काळे ठिपके. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, त्यामुळे उघड्या कागदापेक्षा लॅमिनेट केलेलाच लवकर कुजतो. करायचंच असेल तर कागद तीन बाजूंनी ३ मिमी आणि वरून १५ मिमी कापून घ्या, १२५ मायक्रॉनचा पाऊच वापरा, कड कापू देऊ नका, आणि भोक वरच्या मोकळ्या प्लास्टिकच्या पट्टीत पाडा.

दुसरा मान भिंतीचा. जांभ्याची भिंत पावसाळ्यात जमिनीतून ओल वर घेते, म्हणून खालच्या दोन फुटांत काहीही लावायचं नाही. ज्या बाजूने झड येते ती भिंत चार महिने आतूनही गार असते. तिला टेकलेला कागद मागून बुरसटतो आणि पुढून दिसतो चांगला, म्हणून कळतच नाही. मधे बोटभर हवा खेळेल अशी दोरी ताणून तिच्यावर टांगायचं. मैद्याची खळ म्हणजे झुरळांना पंगत. काही जण खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, पहिलीच्या पोरांच्या हाताशी नको. आणि स्केचपेनची शाई पाण्यात विरघळणारी असते, जुलैत अक्षरांना मिशा फुटतात. तेलखडू किंवा बॉलपेन टिकतं.

त्या वर्षी भेटीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात 'वर्गसजावट असमाधानकारक' असं लिहिलं. कुठलं पोर काय वाचतंय हे विचारलंही नाही. तो शेरा मला अजून झोंबतो, हे कबूल करून पुढे जातो.

मे महिन्यात करायचं ते एकच: जून वाचवायचा. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा. १५-१६ जूनला शाळा उघडते आणि महिनाअखेरपर्यंतचे बारा-तेरा दिवस आपल्याकडे वाहून जातात. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की पलीकडच्या वाडीतली मुलं येत नाहीत. १९ पैकी ११ आली तर नवीन पाठ सुरू करावा की नाही, या विचारातच दुपार होते. त्यात तुमचं छप्पर पत्र्याचं. सर जोरात कोसळली की तिसऱ्या ओळीतल्या मुलाला तुमचा शब्द ऐकू जात नाही. ओरडून शिकवलंत तर आठवड्यात घसा बसतो.

म्हणून बारा गठ्ठे करा. एक दिवस, एक गठ्ठा, प्रत्येक झिपच्या पिशवीत. कुठलाही गठ्ठा कुठल्याही दिवशी काढता आला पाहिजे, मागचा झाला नसला तरी. प्रत्येकात चार पातळ्यांची वाचनकार्डं, गणिताचा एक कागद, आणि एक काम असं की जे तोंडाने न बोलता वीस मिनिटं चालतं: चित्र बघून पाच वाक्यं लिहिणं, कापलेल्या पट्ट्या क्रमाने लावून गोष्ट जुळवणं, काड्यांचे जुडगे. सर आली की हे काम, ओसरली की तोंडी. वीस मिनिटांपेक्षा मोठं ठेवू नका, पहिली-दुसरीची मुलं तेवढ्यात उठून पडवीत पाऊस बघायला जातात.

काड्यांसाठी विकतचं साहित्य नको. माडाच्या झापांचे हीर (पात्यांच्या मधल्या काड्या) काढून घ्या, १० सेंटिमीटरचे तुकडे करा. एका संचाला दहाचे १० जुडगे आणि सुट्या १०, म्हणजे ११० काड्या. तुम्हाला ५ संच लागतील, एकूण ५५०. कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा, ओलसर बांधल्या तर पंधरवड्यात काळ्या पडतात. रबरबँड वापरू नका, दमट हवेत चिकटून तुटतात. सुताचा सरकफास करा. मुलाला दहाचा जुडगा स्वतः सोडता आणि बांधता आला पाहिजे, हातच्याचं सगळं गणित तिथेच आहे. काजूच्या बिया मोजायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. कच्च्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं.

वाचनकार्डं चार पातळ्यांची म्हटली, तर कोण कुठल्या पातळीवर हे आधी हवं. खरं तर हे एप्रिलमध्येच करून ठेवायचं असतं. राहिलं असेल तर परत याल तेव्हा वाडीत जाऊन करा, मुलं कुठे जात नाहीत. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाची पद्धत सोपी आहे: आधी परिच्छेद वाचायला द्या. तीनपर्यंत चुका आणि वाचन सलग असेल तर गोष्ट द्या. अडखळला तर पाच शब्द. चार बरोबर आले तर तो शब्दांवर, नाही तर अक्षरांवर. एका मुलाला चार मिनिटं पुरतात. मुलं एकेक घ्या, दुसऱ्याच्या कानावर गेलं की तो पाठ म्हणून दाखवतो. सगळं एका फुलस्केपवर मावतं. तिसरीअखेर मिनिटाला ६० शब्द हे केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानाचं लक्ष्य आहे, ते घड्याळ लावून नंतर बघा. आधी कोण अक्षरावर अडकलंय ते शोधा.

आता पुस्तकं. शाळेची गोष्टीची पुस्तकं कपाटात तशीच ठेवून गावाला जाऊ नका. पाऊस ठरल्या वेळी येतो हा समजही सोडा: २०२५ साली तो २५ मेलाच कोकणात उतरला होता, आणि १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा ऐन सुट्टीत गावोगावची छपरं उडाली. १५ मेच्या आत आवरायचं. पुस्तकं उन्हात पसरू नका, शिलाईचा गोंद तडकतो. पडवीत सावलीला, पंख्यासारखी उघडून उभी ठेवा, एक पूर्ण दिवस. पेटीत भरायची ती दुपारी दोन-तीनला. संध्याकाळी समुद्रावरची हवा दमट होते आणि दिवसभर वाळवलेला कागद ती पुन्हा पितो. किनारपट्टीला खरी कोरडी हवा डिसेंबर-जानेवारीत मिळते, पण तेव्हा शाळा चालू असते, म्हणून मे.

पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा कड्याच्या झाकणाचं निळं प्लास्टिकचं पिंप बरं, त्याला रबर असतं. आत पाव किलो सिलिका जेल जुन्या मोज्यात घालून ठेवा. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कुडकुडीत वाळलेला. ओला घातलात तर ओलच घातली. डांबराच्या गोळ्यांनी वाळवी जात नाही. वाळवी भिंतीवरून मातीची नळी करून येते, तेव्हा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि महिन्यातून एकदा मागे बॅटरी मारून बघायला कोणाला तरी सांगा. टीव्हीची वायर आणि अँटेना दोन्ही काढून ठेवा, मेच्या शेवटी वळीव विजा घेऊन येतो. टॅबलेट निम्म्या चार्जवर बंद करून न्या किंवा कुलपात ठेवा, शंभर टक्के भरून नको.

आणि तुम्ही घाटावरचे आहात म्हणून एक जास्तीचं काम. अंगणवाडीच्या सेविकेबरोबर एक सकाळ बसा, पहिलीला येणाऱ्या मुलांची घरची भाषा ऐका आणि साठ-सत्तर शब्द लिहून घ्या. मूल म्हणतं, "गुरुजी, माका पेन्सिल गावूक नाय." तुम्ही 'गाव' ऐकता, ते सांगतंय की पेन्सिल सापडली नाही. मालवणीत आकारान्त पुल्लिंगी शब्द ओकारान्त होतात, आंबो, घोडो, कोंबो, आणि 'केळं'चं 'केळा' होतं. चित्रावर बोट ठेवून मूल 'आंबो' म्हणालं तर ते चुकलेलं नाही. आधी 'आंबो' म्हणू दे, मग 'पुस्तकात ह्याला आंबा म्हणतात' एवढं सांगा. 'केळा' लिहिलेल्यावर लाल शाईची फुली मारलीत तर त्याने अचूक ऐकून अचूक लिहिलेलंच तुम्ही खोडताय. माझे काही सहकारी आजही म्हणतात की शाळेत मालवणी बोलू दिली तर प्रमाण मराठी येणार नाही. त्यांच्याच वर्गात पहिलीची मुलं दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाहीत.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं दहा-बारा दिवसांचं काम आहे, उरलेली सुट्टी घरी जा. वर्षभर आईवडिलांपासून लांब राहून कोणी चांगलं शिकवत नाही. मतदारयाद्यांचं किंवा जनगणनेचं काम गळ्यात पडलं तर पुस्तकं आणि पातळ्यांची यादी एवढंच करा, गठ्ठे सहावर आणा. गळकं छप्पर बघायला स्वतः चढू नका, जुना पत्रा पायाखाली फाटतो. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन गावातला माणूस लावा. पैसे खिशातून घालू नका, पुढच्या वर्षी तेच गृहीत धरलं जातं. हायस्कूलला शिकवत असाल तर यातलं पुस्तकांचं सोडून फारसं लागू नाही.

तक्ते करायचेच असतील तर दिवाळीच्या सुट्टीत करा. हवा कोरडी असते, भिंती सुकलेल्या असतात, आणि कुठला तक्ता मुलांना हवाय हे तोवर तुम्हाला कळलेलं असतं. एप्रिलअखेर उतरवून त्याच निळ्या पिंपात.