टोकावरचं शिखर टोपोलॉजिकल आहे हे कसं ओळखायचं?

अणूंची पट्टी अरुंद होत गेली की कडेच्या टोपोलॉजिकल स्टेटचं (पदार्थाच्या एकूण रचनेमुळेच कडेला टिकणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं) काय होतं, आणि एसटीएममध्ये (एकेक अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) पट्टीच्या टोकाला वाहकतेचं शिखर दिसलं तर तो पुरावा धरावा का, असं तुम्ही विचारलंय. दुसरं आधी सांगते. नाही धरायचा.

पुण्यात पीएचडी करताना यावरूनच माझं सरांशी वाजलं. काम ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराच्या, नॅनोरिबनवर (नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्यांवर) होतं. गणपतीआधी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की हादऱ्यांनी संध्याकाळचे स्कॅन वाया जायचे, म्हणून मी रात्री बसायचे. अशाच एका रात्री टोकाला, गॅपच्या (जिथे एरवी इलेक्ट्रॉनला जागा नसते त्या ऊर्जेच्या पट्ट्याच्या) मधोमध, स्वच्छ शिखर मिळालं. सर म्हणाले, "टोपोलॉजिकल लिहून टाक." मी म्हटलं, सर, टोकाला चिकटलेला परका अणू किंवा तुटलेला बंधही गॅपमध्ये असं शिखर देऊ शकतो. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या मोजू द्या. आखूड पट्टीत दोन टोकांच्या स्टेट एकमेकींना भिडतात आणि शिखर दुभंगतं. लांबी वाढली की ती फूट घातांकी वेगानं मिटायला हवी. "एवढा वेळ नाही," म्हणाले. पेपर गेला, पण त्यावर माझं नाव मी घालू दिलं नाही. लॅबमध्ये मला आखडू ठरवलं गेलं. आजही मी तेच करेन.

मायोरानाचं, म्हणजे तारेच्या टोकाला अपेक्षित असलेल्या अशाच एका टोपोलॉजिकल स्टेटचं, उदाहरण समोर आहेच. नॅनोवायरमधल्या क्वांटाइज्ड (नेमक्या ठरावीक उंचीच्या) शिखराचा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाचा पेपर २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आला, आणि २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. सगळा डेटा पाहिल्यावर दावा टिकला नाही.

रुंदीचं म्हणाल तर जर्मेनीनच्या (जर्मेनियमच्या अतिपातळ थराच्या) पट्ट्यांचं काम वाचा. रुंद पट्टीत दोन्ही कडांवर स्टेट असतात. साधारण २ नॅनोमीटरच्या खाली त्या एकमेकींत मिसळून जातात आणि फक्त दोन टोकांना शून्य-मितीय, म्हणजे एका बिंदूपाशी अडकलेल्या, स्टेट उरतात. रुंदी बदलली आणि स्टेटची जागा बदलली, याला मी पुरावा म्हणते.

एक मात्र आहे: पट्टी थेट सोन्यावर असेल तर शिखर इतकं पसरतं की फूट दिसतच नाही, तिथे लांबीची कसोटी चालत नाही. आणि कायरल सममिती (ऊर्जा शून्याच्या वर-खाली जोडीनं असण्याचा नियम) मोडली असेल तर शिखर शून्यावरून सरकतं. तेवढ्यावरून ते बाद करू नका.

या विषयात पीएचडी घेणार असाल तर गाइड ठरवण्याआधी त्यांच्याकडे शिखर न दिसलेल्या पट्ट्यांचा डेटा मागा. दाखवायला तयार नसतील तर दुसरी लॅब बघा.