सरकारी शाळेतली प्रार्थना

प्रश्न : नात न्यू जर्सीत सरकारी शाळेत आहे. बाई वर्गाकडून ख्रिस्ती प्रार्थना म्हणवून घेतात. हे चालतं का?

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या एंगल विरुद्ध विटाली निकालापासून सरकारी शाळेला प्रार्थना म्हणवून घेता येत नाही. मुलांना गप्प बसायची मुभा दिली तरीही. आईवडिलांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवावं : तारीख, तास, बाईंचे नेमके शब्द. दाद लागली नाही तर सुपरिंटेंडंट (त्या भागातल्या सरकारी शाळांचे प्रमुख अधिकारी), मग स्कूल बोर्ड (त्या शाळांचं कारभारी मंडळ). घोळ होतो तो इथे : डबा खाण्याआधी एखादं मूल आपणहून हात जोडत असेल, तर त्यावर तक्रार करू नका. तो त्याचा हक्कच आहे, तुमच्या नातीने श्लोक म्हणण्याइतका. त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या केनेडी निकालाने शिक्षकाच्या वैयक्तिक प्रार्थनेलाही संरक्षण दिलं. वर्गाकडून म्हणवून घेणं त्यात बसत नाही. खासगी शाळेला मात्र ही बंदी लागू नाही.