जुलैत चक्रीवादळ का येत नाही?

प्रश्न: आमचं गाव श्रीवर्धनजवळ. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात सुपारीची बाग आडवी झाली, तेव्हापासून मे उजाडला की पोटात गोळा येतो. पण जुलै-ऑगस्टला दर्या एवढा खवळलेला असून चक्रीवादळ येत नाही, असं का?

उत्तर: तुमची धास्ती अगदी खरी आहे. आपण सगळे समुद्राच्या तापमानाकडेच बघतो, पाणी साडेसव्वीस डिग्रीच्या वर गेलं की वादळाला खुराक मिळतो हे बरोबर, पण खरी चावी वरच्या वाऱ्यांकडे असते. भर पावसाळ्यात खाली दीडेक किलोमीटर उंचीवर सोमालियाकडून नैऋत्येचा वारा सुसाट येतो आणि 14-15 किलोमीटरवर बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे पळणारा. चक्रीवादळाला ढगांची सरळ उभी उतरंड लागते, खालचं मडकं एकीकडे नि वरचं दुसरीकडे ओढलं तर ती टिकेल कशी?

मे-जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ही ओढाताण कमी असते, समुद्रही तापलेला, म्हणून वादळं तेव्हाच. निसर्ग बघा, 1 जूनला मान्सून केरळात आला आणि तिसऱ्या दिवशी हे तुमच्या दारात. मान्सूनचा पश्चिमी वारा दक्षिणेला जोरात असतो, उत्तरेला कमी, या फरकानेच हवेला गिरकी मिळते.

शिवाय एमजेओ नावाचा ढगांचा मोठा पट्टा 30 ते 60 दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो, तो हिंदी महासागरावर आला की वादळाची शक्यता वाढते. आणि आयओडी, म्हणजे हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त गरम की इंडोनेशियाकडची. 2019 ला आफ्रिकेकडची बाजू खूपच तापली होती आणि अरबी समुद्रात वायू, हिका, क्यार, महा, पवन अशी पाच वादळं झाली! क्यार आणि महा तर एकाच वेळी समुद्रात होती. क्यार किनाऱ्यावर आलं नाही, तरी ऐन दिवाळीत कोकणात कापलेलं भात भिजवून गेलं.

अपवाद असतातच, ऑगस्ट 2024 च्या शेवटी आस्ना झालं, पण ते कच्छच्या जमिनीवरून समुद्रात उतरलेलं, आणि अरबी समुद्रात ऑगस्टात वादळ व्हायची 1976 नंतरची ती पहिलीच वेळ.

हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत वादळ व्हायची शक्यता किती ते सांगतं, एमजेओ कुठाय तेही त्यात असतं, मे आणि ऑक्टोबरात तेवढं नक्की बघत चला.