उत्तर: गोल्डफिशची टाकी दुपारी ३३ डिग्रीवर जाते, बर्फ टाकला तर चालेल का?

कोल्हापुरात शाहूपुरीत शेवटचा मजला, वर तापलेला स्लॅब, ६० लिटरची २ फुटी टाकी, त्यात दोन ओरांडा, म्हणजे गोल पोटाचे गोल्डफिश. दुपारी पाणी ३३ डिग्री, मासे वर येऊन आ वासतात, म्हणून तुम्ही ३ किलो बर्फ आणून ओतला. अर्ध्या तासात पाणी २८ वर आलं आणि दुसऱ्या दिवशी एक मासा तळाला टेकून बसला. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. फिल्टर, क्लोरीन, टाकी मुरवणं वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आधी बर्फ. १ किलो बर्फ वितळून ३० डिग्रीपर्यंत येताना साधारण ११० किलोकॅलरी उष्णता खातो. ६० लिटर पाण्यात त्याचा अर्थ पावणेदोन ते दोन डिग्रीची घट. तीन किलोला पाच-साडेपाच डिग्री, म्हणजे तुमचा आकडा बरोबर जुळतो. पण खोली अजून तापलेलीच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा ३२. माशाचं अंग पाण्याच्याच तापमानाला असतं. गोल्डफिश १८ ते २४ मध्ये खुशीत असतो, पण हळूहळू चढलेली तीस डिग्री तो सोसतो. अर्ध्या तासात पाच खाली आणि चार तासांत चार वर, हे त्याला झेपत नाही. प्रतिकारशक्ती पडते, ओरांडासारख्या गोल पोटाच्या जातींचा तोल जातो, आणि चार-पाच दिवसांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उठतो. मग लोक म्हणतात, "उन्हाळ्यानं मासा गेला." माझं मत विचाराल तर बऱ्याचदा तो बर्फानं गेलेला असतो. शिवाय गाड्यावरच्या बर्फाचं पाणी कुठलं, त्यात क्लोरीन किती, कुणाला माहीत?

आता मासा वर का येतो ते. थेट उष्णतेनं नव्हे, हवेसाठी. २० डिग्रीच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३३ ला ७.२. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर असल्यानं त्यातूनही सहा टक्के वजा करा, म्हणजे उरले पावणेसात. तेवढंही पुरतं, पण पाणी ढवळत असेल तरच. बंद झाकणाखालच्या संथ पाण्यात तेवढा ऑक्सिजन कधीच नसतो, आणि गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. दुसरं म्हणजे माशाच्या घाणीतून येणारा अमोनिया. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचा आकडा) ८ असेल तर २० डिग्रीला एकूण अमोनियातला सुमारे ४ टक्के विषारी रूपात असतो, ३३ ला ९ टक्के. घाण तीच, विष दुपटीच्या वर. त्यामुळे तापमान उतरवण्याआधी झाकण काढा, एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सुरू करा, फिल्टरचं तोंड पृष्ठभागावर लाटा उठतील असं वळवा. हे पाच मिनिटांत होतं आणि तासाभरात मासा खाली जातो. नाही गेला तर अमोनिया आणि त्यापासून तयार होणारं दुसरं विष, नायट्राइट, तपासा.

थंड करायला पंखा. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते, म्हणजे १ किलो बर्फाच्या पाचपट, आणि तीही दिवसभरात सावकाश. काँप्युटरचा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा घ्या, १ अँपिअरचा अडॅप्टर लावा, टाकीच्या एका कडेवर साधारण ४५ अंशात तिरका बसवा. वारा पाण्यावरून घासत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला पाहिजे. अर्धं झाकण ठेवून पंखा लावला तर दमट हवा आतच फिरते आणि लोक म्हणतात पंखा चालत नाही. मासा उडी मारेल अशी भीती असेल तर वर मोठ्या भोकांची जाळी टाका. कोरड्या दुपारी पाणी खोलीच्या हवेपेक्षा तीन-चार डिग्री खाली राहतं. वळीव पडून गेल्यावर हवा दमट होते, तेव्हा फरक कमी पडतो, पण त्या संध्याकाळी खोलीही उतरलेली असते.

पंखा सकाळी दहालाच सुरू करा. दुपारी तीनला ३३ झाल्यावर लावला तर पाणी उतरायला रात्र होते. लक्षात राहत नसेल तर एसटीसी-१००० सारखा, तापमान बघून पंखा आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर मिळतो, त्यावर २७ आणि फरक १ ठेवा. टाकीचा दिवा अकरा ते पाच बंद. पश्चिमेच्या भिंतीला टाकी चिकटलेली असेल तर मध्ये अर्धा इंच थर्माकोल सारा.

पंख्यानं दिवसाला एक-दीड लिटर पाणी उडतं, ते भरताना दुसरी मोठी चूक होते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चाळिशीच्या आसपास असतं. नळ सोडून थेट भरलंत तर सगळी मेहनत पाण्यात. पहाटेचं पाणी बादलीत काढून ठेवा. माठात ठेवलंत तर उत्तमच, फक्त थोडं थोडं ओता. २० लिटरच्या बादलीला हायपो (क्लोरीन मारणारे खडे): १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले २ मिलिलिटर. वाफ झाली तरी क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आठवड्याला २५ टक्के बदला, बोअरचं पाणी असेल तर नक्कीच, आणि तेही सकाळीच.

लाईट. आमच्या भागातल्या वीज कार्यालयाचं नाव घेत नाही, पण दुरुस्तीसाठी बंद करायचं तर भर एप्रिलच्या दुपारी अकरा ते चार, आणि मेसेज येतो लाईट परत आल्यावर. फोन केला तर "वरून बंद आहे" याच्यापुढे माहिती नाही. वर म्हणजे कुठं, हे अजून कुणाला कळलेलं नाही. ते सुधारतील म्हणून थांबू नका. वायफाय राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. काँप्युटरचा तो पंखा जेमतेम ३ वॉट खातो, तीन-चार तास सहज निघतात. हवेसाठी यूएसबीवर चालणारा एअर पंप पॉवर बँकेला लावता येतो, पण काही पॉवर बँका इतका कमी लोड असला की थोड्या वेळानं आपोआप बंद होतात. विसंबण्याआधी तासभर चालवून बघा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर लाईट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं.

खाणं: ३० च्या वर असताना सकाळी एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. जेवणानंतर माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून दुपारचा घास नको.

काही दुकानं वर आलेल्या प्रत्येक माशाला निळं औषध (मिथिलीन ब्लू) देतात. हवेअभावी वर आलेल्याला त्याचा उपयोग नाही, उलट फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि अमोनिया चढतो. मी डॉक्टर नाही, पण नायट्राइट तपासल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं म्हणाल तर दोन माशांसाठी हजारो रुपये घालणं मला पटत नाही. तो टाकीतली उष्णता त्याच खोलीत सोडतो.

तरीही एखाद्या दिवशी पाणी ३३ च्या पुढे गेलंच, तर बर्फ बाटलीत. १ लिटरची धुतलेली बाटली पाऊण भरून गोठवा, झाकण घट्ट लावून तरंगत सोडा. एका वेळी एकच, आणि तासाला १ डिग्रीपेक्षा जास्त उतरायला लागलं तर बाहेर काढा.

टाकीत हीटर असेल तर आजच प्लग काढा, दहा मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या आणि मग बाहेर घ्या. इथल्या थंडीत घरातल्या गोल्डफिशला तो लागत नाही, आणि स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला की तो बंदच होत नाही.

तळाशी बसलेल्या माशाला हलवू नका, आठवडाभर पंखांवर आणि कल्ल्यांवर नजर ठेवा. मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले तर पाण्याचं तापमान, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच असे चारही आकडे लिहून विचारा. आकडे नसतील तर औषध सांगता येणार नाही.