गच्चीवरचे बोंबील

प्रश्न : सर, मार्च लागला की आमच्या जळगावच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर बिबड्या, पापड, कुरडया यांची गर्दी होते. यंदा नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाने तिथेच बोंबील वाळत घातले आणि वाद पेटला. त्यांना वगळून बैठक झाली. ‘शुद्ध काय, अशुद्ध काय’ यावर सगळे तावातावाने बोलले, ठरलं काहीच नाही. मुलगा म्हणतो, फलप्रामाण्यवाद वाच. सोयीचं तेच खरं. मग जास्त घरांची सोय बघायची का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : ताई, मुलाने नाव बरोबर सांगितलं, अर्थ सोयीचा काढला. फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम) म्हणजे विचाराची पारख त्याच्या परिणामांवरून करणं. त्यातले अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०७ च्या पुस्तकात वाद मिटवायची रीत सांगितली आहे : अमुक मत खरं मानलं तर प्रत्यक्षात फरक काय पडतो, ते विचारा.

तर विचारा. बोंबलाचा वास बिबड्यांना लागतो का? लागत असेल तर वारा बहुतेक कुठून येतो ते बघा. बोंबील त्याच्या उलट्या कोपऱ्यात, खाटेवर जाळी टाकून. मांजराचीही काळजी मिटली. हा प्रश्न तिथेच संपतो. पण कोपरा बदलला, वास येईनासा झाला आणि तरीही कुणी म्हणालं, ‘तरी नकोच भो,’ तर भांडण बोंबलाचं नव्हतंच, माणसांचं होतं. ‘शुद्ध’ या शब्दाआड ते आरामात बसलं होतं. एवढं उघड्यावर आलं तरी पुष्कळ झालं.

संख्येचं म्हणाल, तर ‘ज्याची मेजॉरिटी त्याची गच्ची’ हे या विचारात बसत नाही. परिणाम मोजायचे तर ते ज्यांच्यावर होतात त्या सगळ्यांचे मोजावे लागतात, आणि बोंबीलवाल्यांना काय सोसावं लागेल हे बाकीच्यांना परस्पर कसं कळणार? याच परंपरेतले दुसरे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा लोकशाहीचा विचार इथूनच निघतो. लोकशाही म्हणजे फक्त मतमोजणी नव्हे, एकत्र जगायची, एकमेकांचा अनुभव वाटून घ्यायची रीत, असं ते मांडतात. कोलंबिया विद्यापीठात ते बाबासाहेबांचे शिक्षक होते. ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये (१९३६) बाबासाहेबांनी त्यांचं ऋण नावानिशी मान्य केलं आहे.

ड्यूईंचं ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ आलं १९१६ साली. त्याच साली आपल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, मुख्यतः अद्वैताच्या अभ्यासासाठी. आता अद्वैत पटलेल्या माणसालाही गच्चीवर खाट कुठे टाकायची ते ठरवावंच लागतं, ही गोष्ट वेगळी!

बैठक पुन्हा बोलवा, या वेळी त्या बोंबीलवाल्या कुटुंबाला धरून. जे ठरेल ते आखाजीपर्यंतच (अक्षय्य तृतीयेपर्यंत) लागू ठेवा. जमलं नाही तर बदला.